मथुराबाईंची धाकटी सून

कोर्टात मी दिलेलं प्रतिज्ञापत्र चार पानांचं आहे. त्यात तारखा आहेत, फोन नंबर आहेत, मी कुठे कुठे खोटं बोलले तेही आहे. पण "मला तेव्हाच कळायला हवं होतं" हे वाक्य त्यात नाही. वकीलबाईंनी ते दोनदा खोडलं. म्हणाल्या, "हे कोर्टाला नको आहे. काय झालं तेवढंच लिहा." म्हणून उरलेलं इथे लिहिते आहे.

माझं नाव दीपमाला बारटक्के. नारायण पेठेत दोन खोल्यांत माझं ऑफिस आहे. पाटीवर 'गुप्तहेर' वगैरे काही नाही, 'चौकशी व माहिती सेवा' एवढंच. एकोणीस वर्षं हे काम करते. बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. मुलगा हिंजवडीत सांगतो त्याच कंपनीत आहे का, मुलीचं आधी कुठे ठरून मोडलं होतं का. अधूनमधून हरवलेली माणसं. ती मला सापडतात. याचा मला अभिमान होता.

इंद्रजीत झांबरे तीन फेब्रुवारीला आला. वय चौतीस-पस्तीस, हातात गाडीची किल्ली, डोळ्यांखाली जागरण. बसण्याआधीच म्हणाला, "मॅडम, गावात लोक मला खुनी म्हणतायत."

खराडीच्या आयटी पार्कांच्या मागे नदीत अकरा एकरांचं एक बेट आहे, लव्हाळबेट. काठावरचं गाव केव्हाच शहरात मुरलं. शेतं गेली, टॉवर आले. बेट तेवढं राहिलं, कारण तिथे जायला रस्ता नव्हता. एरवी दगडांवर पाय ठेवत अरुंद पात्रातून जायचं, पावसाळ्यात लोखंडी होडीतून. सातबाऱ्यावर दोनच नावं, इंद्रजीत आणि त्याची चुलती मथुराबाई. वय चौऱ्याहत्तर. नवरा बापूराव चार वर्षांपूर्वी गेला, एकुलता मुलगा त्याच्याही आधी. म्हातारी एकटीच बेटावर राहायची, वांगी-पावटा पिकवायची.

एका बांधकाम कंपनीला तिथे बंगले आणि क्लब बांधायचा होता. इंद्रजीत तयार होता, मथुराबाई नव्हत्या. गावाचे दोन तट पडले होते. एक तट पूल होईल म्हणून खूश, दुसरा म्हणे बेटावर भराव टाकला की पुराचं पाणी आमच्या घरात. वीस जानेवारीला मथुराबाई दिसेनाशा झाल्या. आठवड्याने चौकात फ्लेक्स लागला, 'मथुराबाई कुठे आहेत?' खाली इंद्रजीतचा फोटो.

"पोलिसांत मिसिंग दिलीय," तो म्हणाला. "ते म्हणतात शोधतोय. मोठी आई म्हणतो मी तिला. लहानपणी तिच्याच हातचं जेवलोय. ती जिवंत आहे एवढं कळलं तरी बास."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. माणूस एकाच वेळी रडू शकतो आणि हिशेबही करू शकतो. मी त्याला चुलतीच्या नातलगांबद्दल विचारलं. मथुराबाईंना माहेर उरलेलं नव्हतं, आणि सून? "ती कधीच दुसरं घर करून गेली," तो म्हणाला. "आमचा काही संबंध नाही."

दुसऱ्या दिवशी मी इंद्रजीतबरोबर बेटावर गेले. पात्रातले दगड शेवाळलेले होते, दोनदा पाय घसरला. मथुराबाईंचं घर बेटाच्या उंचवट्यावर. दाराचं कुलूप इंद्रजीतने आधीच तोडलेलं होतं. आत अंथरुणाच्या घड्या, चूल सारवलेली, पाण्याचा हंडा धुऊन पालथा घातलेला. जबरदस्तीने ओढून नेलेलं माणूस हंडा पालथा घालून जात नाही.

"त्या आपल्या पायांनी गेल्यात," मी इंद्रजीतला सांगितलं. तो पायरीवर मटकन बसला. तो सुटकेने बसला असं मला वाटलं.

त्याच पायरीवर मला पुराच्या पाण्याची खूण दिसली. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. खालचं सगळं बेट पूररेषेत, कोरडा राहतो तो हाच उंचवटा, आणि तो मथुराबाईंच्या वहिवाटीचा. म्हणजे कंपनीला बांधायचं तर म्हातारीशिवाय काही होणार नव्हतं. हे मला तेव्हाच समजलं. मी डायरीत लिहूनही ठेवलं. आणि पान उलटलं.

भिंतीवर एका नेत्र-शिबिराचं कॅलेंडर होतं. एकोणतीस जानेवारीभोवती पेन्सिलीचा गोल. फळीवर डोळ्यांत घालायच्या थेंबांची रिकामी बाटली, दोन महिन्यांपूर्वीची. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची तारीख एकोणतीस. एकटी राहणारी, स्वतःचा पावटा स्वतः तोडणारी बाई ती तारीख चुकवणार नाही.

शिबिराचं रुग्णालय शोधायला अर्धा दिवस लागला. काउंटरवर एक दमलेली नर्स होती.

"मथुराबाई झांबरे, माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "घरी सोडतानाचा कागद हरवलाय. थेंब कधी बदलायचे ते कळेना."

तिने रजिस्टर चाळलं. "पण त्या दिवशी दुसऱ्या सूनबाई होत्या."

"त्या थोरल्या. मी धाकटी."

ती हसली. "नशीबवान आहेत आजी. एवढी धावपळ कोण करतं हल्ली?" तिने प्रत काढून दिली आणि रजिस्टर पुढे केलं. मी 'दीपा झांबरे' लिहिलं. नंबर मात्र खरा द्यावा लागला, ती लगेच मिस्ड कॉल देऊन बघत होती. कागदावर पत्ता होता, द्वारा कौशल्या, आणि खडकवासल्याच्या धरणापलीकडच्या एका छोट्या गावाचं नाव.

दुसरं घर करून गेलेली सून. म्हणूनच इंद्रजीतच्या डोक्यात ते घर आलं नव्हतं. नंतर कळलं की मुलगा गेल्यावर कौशल्याचं दुसरं लग्न मथुराबाईंनीच लावलं होतं, भावकीशी भांडून.

दहा फेब्रुवारीला सकाळी मी स्कूटरवरून तिथे पोचले. ओट्यावर एक किरकोळ म्हातारी काळा चष्मा लावून पावटा सोलत होती. मी गळ्यात एक ओळखपत्र अडकवलं होतं. निराधार योजनेचा सर्व्हे आहे म्हणून सांगितलं.

"मला कशाला निराधार?" त्या म्हणाल्या. "माझी सून हाय की."

त्यांनी आत हाक मारली, पण कौशल्या शेतात गेली होती. मग स्वतःच चाचपडत उठून मला पाणी दिलं. ऊन लागेल म्हणून सावलीत सरकायला लावलं. मी नाव, वय, आजार विचारत राहिले. पाच-दहा मिनिटांत त्या मोकळ्या झाल्या.

"अठरा तारखेला कोर्टात जायाचंय मला. वाटणीचा दावा लावलाय. तवर कुणाला पत्ता लागू द्यायचा न्हाई, असं वकीलबाई म्हनल्या. पुतण्या लई मागं लागलाय सहीसाठी. रोज चार माणसं घिऊन यायचा. रातीचं दाराशी बसायची." मग त्यांनी आवाज बारीक केला. "बये, तू सरकारी माणूस. कुणाला सांगू नको हां, मी हितं हाय ते."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"योजनेसाठी एक फोटो लागेल," असंही मी म्हटलं. त्यांनी हातातला पावटा बाजूला ठेवला, पदर नीट केला आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून ताठ बसल्या.

परत येताना धरणाच्या चौपाटीवर थांबले. एका हातात कांदाभज्यांचा कागद होता, दुसऱ्या हाताने मी इंद्रजीतला फोटो आणि लोकेशन पाठवलं. दोन दिवसांपूर्वीचा त्याचा एक व्हॉइस मेसेज त्याच चॅटमध्ये वर होता. "मॅडम, अठराच्या आत मिळाली पाहिजे हां. नंतर मिळून उपयोग नाही." काळजीत असलेला पुतण्या असं बोलत नाही. ते मी ऐकलं तेव्हाही मला खटकलं होतं. मी त्यावर अंगठ्याची खूण पाठवली होती.

रात्री जेवताना मी नवऱ्याला, बद्रीनाथला, सगळं रंगवून सांगितलं. धाकट्या सुनेचा किस्सा सांगताना मी हसले. तो हसला नाही.

"पण त्या लपल्या कशाला होत्या?" त्याने विचारलं.

"ते माझं काम नाही," मी म्हटलं.

वीस फेब्रुवारीला दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायांत प्लास्टिकच्या चपला. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत.

"दीपा झांबरे तुम्हीच का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दवाखान्याच्या वहीत नंबर आहे, तो शोधला की तुमच्या या ऑफिसचं नाव येतं. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या धाकट्या जाऊबाई येऊन गेल्या." त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, नीट पारखून. "मथुराबाईंना एकच सून आहे. ती मी."

मी पाणी पुढे केलं. त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं.

बारा तारखेला इंद्रजीत मोटार घेऊन आला. बरोबर दोन बायका होत्या. कौशल्या आणि तिचा नवरा शेतात होते. मथुराबाईंच्या पाया पडून तो रडला. म्हणाला, मोठी आई, तू जिवंत आहेस हे दाखवायला चल, नाहीतर पोलीस मला धरतील. बेपत्ताची तक्रार मागे घ्यायची आहे, दोन सह्या लागतील. म्हातारीला दया आली. एका डोळ्यावर अजून पट्टी, दुसऱ्या डोळ्याचा चष्मा अजून मिळायचा होता. त्यांना सही येते. शिकलेल्या सुनेकडून त्यांनी ती म्हातारपणी शिकून घेतली होती, अंगठा द्यायला त्यांना आवडायचं नाही. कागद वाचून कोणी दाखवले नाहीत. नोंदणी कार्यालयात विचारलं, मर्जीने करताय ना, त्या हो म्हणाल्या.

ते हक्कसोडपत्र होतं. बेटावरचा सगळा हक्क पुतण्याच्या नावे.

अठरा तारखेला कोर्टात इंद्रजीतच्या वकिलाने तो कागद दाखल केला. स्थगितीचा अर्ज टिकला नाही. एकोणीसला पहाटे डंपर लागले.

"मला एवढंच कळायचं होतं की पत्ता कुणी दिला," कौशल्या म्हणाल्या. "आईंना मी विचारलं, कोण आलं होतं का. त्या म्हणतात, एक सरकारी बाई आली होती, पण तिनं सांगितलं नसणार, तिनं शब्द दिला होता. चार वेळा विचारलं, चारही वेळा तुमचीच बाजू घेतात. शेजारणीवर संशय घेतात, पण तुमच्यावर नाही."

मी खाली बघत होते. टेबलाच्या काचेखाली माझ्याबद्दल छापून आलेलं एक जुनं कात्रण आहे, 'हरवलेल्यांना घरी आणणारी'. ते झाकावं असं वाटलं, पण हात हलवायचीही लाज वाटली.

"मी त्यांना काही सांगितलेलं नाही," कौशल्या म्हणाल्या. "तुम्ही या आणि सांगा."

त्या गेल्यावर मी दार आतून लावून घेतलं. स्वतःची बाजू मांडून बघितली. मला फसवलं गेलं होतं. अशिलाने कारण वेगळं सांगितलं होतं. मी नसते तर दुसऱ्या कोणी शोधलं असतं. सगळं खरं होतं, आणि कशानेही काही होत नव्हतं, कारण "नाही सांगत" हे मला कोणी म्हणायला लावलं नव्हतं. कामासाठी त्याची गरजही नव्हती. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून ते सवयीने गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मथुराबाई त्याच ओट्यावर होत्या. पट्टी निघाली होती, नवा चष्मा आला होता. मी बोलले तसं त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"सर्व्हेवाली ना गं तू? बस. कौशे, च्या टाक."

कौशल्या दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. मी बसले नाही. सगळं सांगितलं. मी सरकारी नाही, पुतण्याने मला नेमलं होतं, दवाखान्यात मी सून म्हणून गेले, पत्ता मीच दिला. त्या ऐकत राहिल्या.

"मग त्यो फोटू?" त्यांनी विचारलं.

"त्यालाच पाठवला."

हात मांडीवर तसेच. मग म्हणाल्या, "म्या पदर नीट केला फोटूसाठी."

मी पुढे होऊन वाकले, तशा त्यांनी पाय आखडून घेतले.

"पाया पडू नको. त्यानंबी पाया पडूनच नेलं मला." त्या उठल्या. "कोर्टात यिऊन सांग हे. हितं सांगून काय व्हायचं?" आणि आत गेल्या. चहा झाला नाही.

त्यांच्या वकील नंदा खळदकर शिवाजीनगरला बसतात. मी त्यांच्यापुढे फोन ठेवला. इंद्रजीतचे मेसेज, तो व्हॉइस मेसेज, मी पाठवलेलं लोकेशन, वेळेसकट.

"अठराच्या आत," त्यांनी पुन्हा ऐकलं. "म्हणजे कोर्टाची तारीख त्यांना माहीत होती आणि त्याआधी सही हवी होती. उपयोगी आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बारटक्के, तुम्ही सून असल्याचं सांगून कागद मिळवला, सरकारी माणूस म्हणून घरात शिरलात, हे सगळं तुमच्या सहीने लिहावं लागेल. उद्या तुमच्यावरही तक्रार होऊ शकते. धंदा तर जाईलच."

"लिहा," मी म्हटलं.

"मी नाही. तुम्हीच लिहा. मी खोडते."

तिथे मी ते वाक्य लिहिलं आणि त्यांनी ते खोडलं.

मार्चच्या मध्यावर स्थगिती मिळाली. हक्कसोडपत्र फसवून घेतलं का, याचा निकाल लागेपर्यंत बेटावर कसलंही काम करायचं नाही. गावातल्या विरोधी तटाने फटाके वाजवले. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले, तर दगडांवरून जायची गरजच उरली नव्हती. त्या चार आठवड्यांत अरुंद पात्र राडारोड्याने भरून टाकलं होतं. फुटक्या फरशा, काँक्रीटचे तुकडे, कोणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. त्यावरून डंपरच्या चाकांचा रस्ता सरळ उंचवट्यापर्यंत गेला होता. काठावरची झाडं तोडलेली होती. काम थांबवण्याचा हुकूम झाला होता, झालेलं उलटवण्याचा नाही. भराव काढायचा वेगळा अर्ज केला आहे. तो अजून चालू आहे.

मथुराबाई आठ दिवसांनी बेटावर राहायला गेल्या. पात्र बुजलं होतं तरी त्या त्याला बेटच म्हणत होत्या. कौशल्याने दाराला नवं कुलूप आणून दिलं. मी कळवलं होतं, सामान न्यायला येऊ का. उत्तर आलं नाही.

माझं काम निम्म्याहून कमी झालं. एका वर्तमानपत्रात बातमी आली, नाव होतं. नर्सला नोटीस मिळाली असं ऐकलं, तेव्हा रुग्णालयात जाऊन लेखी दिलं की दोष तिचा नव्हता, मी तिला फसवलं. ती काउंटरवर नव्हती. पुढे तिचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, आणि ते शोधून काढायची मला हिंमत झाली नाही.

जुलैत माझी उलटतपासणी झाली. इंद्रजीतचा वकील अत्यंत सभ्य माणूस. "आपण," "कृपया" असंच बोलत होता.

"आपला व्यवसाय खोटं बोलल्याशिवाय चालतो का?"

"नाही."

"एकोणीस वर्षांत किती वेळा खोटं बोललात, अंदाजे?"

"मोजलं नाही."

"मग आज आपण खरं बोलता आहात, असं न्यायालयाने का मानावं?"

मागे कोणीतरी हसलं. मी उत्तर तयार करून आणलं होतं, मेसेजचं, वेळांचं. ते आठवेना. समोरच्या बाकावर मथुराबाई बसल्या होत्या, चष्मा लावून. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि आता त्यांना नीट दिसत होतं.

"मानू नये," मी म्हटलं. "माझ्या शब्दावर नका मानू. इंद्रजीतच्या मेसेजमधल्या आवाजावर माना. मी मथुराबाईंना म्हटलं होतं, मी कुणाला सांगणार नाही. माझ्या शब्दाची किंमत तेवढीच आहे."

वकिलाने हातातले कागद मिटले. मग म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

इंद्रजीत दुसऱ्या टोकाला बसला होता. तो चुलतीकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. मोबाइल उलटा धरून त्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की आम्ही दोघं एकाच बाजूला बसलेलो आहोत, मधे कितीही बाकं असली तरी.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. पाऊस पडून गेला होता, पायऱ्या ओल्या होत्या. मथुराबाई कौशल्याचा हात धरून जपून उतरत होत्या. मी भिंतीला टेकून वाट दिली. त्या माझ्याजवळून गेल्या, थांबल्या नाहीत. चार पायऱ्या उतरल्यावर कौशल्याला काहीतरी म्हणाल्या. कौशल्या परत वर आल्या.

"आई म्हणतात, तुम्हाला पुढची तारीख सांग. अकरा सप्टेंबर."

"येते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि खाली गेल्या. रिक्षा मिळायला त्यांना वेळ लागला. मी माझी स्कूटर काढली नाही, रिक्षा निघेपर्यंत तिथेच उभी राहिले.